ऋतू, शिंका आणि बाटल्या

घट बसायला चार-सहा दिवस उरलेले असतात. पाऊस जातो जातो म्हणत रेंगाळलेला असतो, दुपारी ऑक्टोबरचे ऊन आपला इंगा दाखवू लागते आणि पहाटे पायाशी घडी घालून ठेवलेली चादर अंगावर ओढावी लागते. या दिवसांत पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत सकाळी सहाच्या सुमारास एक चक्कर मारावी. कुकरच्या शिट्ट्यांच्या आधी ऐकू येतात त्या शिंका. काही एकट्यादुकट्या, काही सात-आठांची माळ लागावी तशा. मग नाक शिंकरण्याचा आवाज आणि पाठोपाठ कुणीतरी आतून म्हणते, "झाले सुरू यांचे!"

शरद ऋतू ही वैद्यांची आई, असे जुने लोक म्हणत. वैद्यांच्या पोटापाण्याची काळजी हा ऋतू घेतो, असा त्याचा अर्थ. आता त्या आईने आणखी एक लेकरू दत्तक घेतले आहे. त्याचे नाव सप्लिमेंट.

पूर्वी या शिंकांवर घरोघर एकच उपचार असे. गवती चहा, आले आणि चार मिऱ्यांचा काढा, सुंठ-गुळाची गोळी, रात्री वाफारा आणि 'चार दिवसांत जाईल' हा दिलासा. आज कपाटाचे दार उघडले की आत औषधांचे दुकानच मांडलेले दिसते. आमच्याच घरचे उदाहरण देतो. नोकरीची पस्तीस वर्षे बँकेत गेल्यामुळे वस्तू दिसली की मोजायची आणि मोजली की लिहून ठेवायची, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मागच्या दसऱ्याला कपाट आवरताना मी यादीच केली. क जीवनसत्त्वाच्या पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या, हळदीच्या कॅप्सूल, गुळवेलीच्या वड्या, क्वेर्सेटिन नावाची, न्यू जर्सीहून मुलाने पाठवलेली बाटली, स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या हिरव्या गोळ्या, प्रोबायोटिकची पाकिटे आणि महाबळेश्वरच्या मधाची बरणी. अमेरिकेतून आलेली बाटली सोडून उरलेल्यांची किंमत तीन हजार आठशे साठ रुपये झाली. आमच्या घरी शिंकणारी माणसे दोन. एक मी आणि दुसरी माझी आठ वर्षांची नात. बाकीची मंडळी सल्ला देणारी.

ही यादी समोर ठेवून मी थोडे वाचायला लागलो. कर्जाचा अर्ज आला की त्यामागचे तारण पाहायचे, हा आमचा धर्म. म्हटले, या बाटल्यांचेही तारण पाहावे.

या आजाराची पहिली नीटस नोंद एका डॉक्टरने केली आणि रुग्णही तोच होता. जॉन बोस्टॉक हा लंडनचा डॉक्टर. १८१९ साली त्याने वैद्यांच्या एका सभेत 'जे. बी.' या रुग्णाची हकीकत वाचली. दर वर्षी जूनमध्ये डोळे लाल होतात, खाजतात, शिंकांची सरबत्ती सुरू होते, छाती भरते आणि उन्हाळा सरला की सारे आपोआप जाते. 'जे. बी.' म्हणजे तो स्वतःच. वयाच्या आठव्या वर्षापासून त्याला हा त्रास होता. त्याने केलेल्या उपायांची यादी वाचून मला माझ्या कपाटाची आठवण झाली. रक्त काढून झाले, जुलाब झाले, सिंकोनाची साल झाली, लोह, अफू, पारा, थंड पाण्याची स्नाने, डिजिटॅलिस! कशाचाही भरवशाचा उपयोग झाला नाही. पुढे १८२८ साली त्याने आणखी २८ रुग्णांची माहिती गोळा करून दुसरा निबंध लिहिला. त्याला बरे वाटले ते समुद्रकाठच्या रॅम्सगेट गावी, तेही बहुतेक वेळ घरात बसून राहिल्यामुळे. म्हणजे बाटलीने जे साधले नाही ते जागा बदलल्याने साधले. पण का, ते त्याला कळले नाही.

ते शोधून काढले मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरने. हाही शिंकणाराच. त्याने गवताचे परागकण स्वतःच्या नाकात घातले, कातडीवर ओरखडा काढून त्यावर चोळले आणि हवेत उंचावर पराग असतात का ते पाहण्यासाठी चिकट काचपट्ट्या बांधून चक्क पतंग उडवले. १८७३ साली त्याचे पुस्तक आले आणि गुन्हेगार सापडला. तो होता वाऱ्यावर उडणारा पराग. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द त्याहूनही नंतरचा. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केने तो १९०६ साली घडवला. आपल्याकडे त्यासाठी फार जुना आणि सुरेख शब्द आहे, वावडे. एखाद्याला वांग्याचे वावडे असते, तसे कुणाला गवताच्या परागाचे.

हे वावडे शरीरात कसे चालते, तेही समजण्यासारखे आहे. आपल्या शरीराला जंतूंशी लढायची सवय असते. काहींच्या शरीराचा मात्र निरुपद्रवी परागकण म्हणजे शत्रूच, असा ग्रह होतो आणि ते त्याच्याविरुद्ध एक खास प्रथिन तयार करते. १९६६ साली किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत काम करताना ते शोधले. आज त्याला 'आयजीई' म्हणतात. नाकाच्या अस्तरात मास्ट पेशी नावाचे पहारेकरी असतात. त्यांच्या अंगावर हे प्रथिन चिकटून बसते. पुढच्या वेळी तोच पराग आला की पहारेकरी हिस्टामिन नावाचे रसायन ओततात आणि मग खाज, पाणी, सूज, शिंका. चोर नसताना वॉचमनने शिट्ट्या फुंकून सारी सोसायटी जागी करावी, तसा हा प्रकार. म्हणूनच 'प्रतिकारशक्ती वाढवा, शिंका थांबतील' या जाहिरातीतले म्हणणे ऐकायला गोड असले तरी उफराटे आहे. इथे वॉचमन दुबळा नाही, जरा जास्तच जागरूक आहे.

आपल्याकडे हे पराग कुठून येतात? पावसाळ्यानंतर माळावरची, रस्त्याकडेची गवते फुलतात. ओलसर भिंतींवर बुरशी धरलेली असते, तिचे कण हवेत असतातच. शिवाय पुण्याच्या वाट्याला एक विशेष मान आलेला आहे. गाजर गवत, ज्याला खेड्यात काँग्रेस गवत म्हणतात, त्याचा भारतातला पसरता संसार प्रथम नोंदला गेला तो १९५५ च्या सुमारास पुण्यात. परदेशी गव्हाबरोबर ते आले असे सांगतात. पांढऱ्या चांदणीसारख्या फुलांचे हे मेक्सिकोकडचे झुडूप पुढे देशभर पसरले. १९८४ साली त्याला खाणारे मेक्सिकन भुंगेरे बंगळूरला आणून सोडले, तरी ते पुरते हटलेले नाही. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते आणि परागाने नाकाला. ऑक्टोबरात सप्तपर्णीला बहर येतो आणि तिच्या उग्र वासाने डोके उठते, म्हणून सगळा दोष आपण तिच्यावर ढकलतो. पण ठसठशीत वासाच्या किंवा रंगाच्या फुलांचा पराग बहुधा जड, चिकट आणि कीटकांच्या पायांवर जाणारा असतो. खरा त्रास देतात ती डोळ्यांत न भरणारी, वाऱ्यावर पराग सोडणारी गवते.

ही गोष्ट लक्षात घेतली की मधाचा हिशेब आपोआप सुटतो. 'आपल्या भागातला मध खा, त्यातला पराग थोडा थोडा पोटात जाऊन शरीराला सवय होईल', हा युक्तिवाद अमेरिकेपासून महाबळेश्वरपर्यंत लोकप्रिय आहे. पण मधमाशी जाते ती रंगीत, मधाळ फुलांवर. ज्या गवतामुळे आपण शिंकतो, त्याच्या परागाचा तिच्या मधात वाटा थोडाच. अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ साली ३६ जणांवर हे तपासले. काहींना स्थानिक कच्चा मध, काहींना दूरदूरचा एकत्र करून गाळलेला, तापवलेला मध आणि काहींना मधाचा वास घातलेला मक्याचा पाक दिला. तिन्ही गटांत फरक पडला नाही. मध चांगला पदार्थ आहे. पोळीला लावून खावा. औषध म्हणून त्याच्या डोक्यावर ओझे देऊ नये. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर तो देऊच नये, हे सगळ्या आज्यांनी लक्षात ठेवण्यासारखे.

आता क जीवनसत्त्व. दोन नोबेल पारितोषिके मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांनी १९७० साली सर्दी आणि क जीवनसत्त्व यांवर पुस्तक लिहिले आणि या गोळीचे नशीब फळफळले. पॉलिंग बोलत होते ते साध्या सर्दीबद्दल. त्या बाबतीतही पुढच्या तपासण्यांत फारसे हाती लागले नाही. परागाच्या वावड्यावर तर पुरावा आणखीच पातळ. रोजच्या जेवणातले लिंबू, पेरू आणि मोरावळा यांनी गरज भागते. उलट रोज दोन हजार मिलिग्रॅमच्या वर गेले की पोट बिघडते आणि ज्यांची मुतखड्याची प्रकृती आहे त्यांना धोका वाढतो.

क्वेर्सेटिन हे नाव अवघड, पण वस्तू आपल्या ओळखीची. कांद्यात ते भरपूर असते, सफरचंदात असते, चहातही असते. काचेच्या नळीत ते मास्ट पेशींना हिस्टामिन ओतण्यापासून रोखते, हे खरे. पण काचेची नळी म्हणजे माणूस नव्हे. पोटातून ते रक्तात फार थोडे उतरते आणि माणसांवरचे प्रयोग लहान व थोडे आहेत. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी काढणाऱ्यानेच डोळ्यांचे पाणी थांबवावे, ही कल्पना मला कादंबरीकार म्हणून आवडली. बँक अधिकारी म्हणून मात्र मी तिच्यावर कर्ज मंजूर केले नसते.

हळदीबद्दल लिहिताना हात जरा आवरता घ्यावा लागतो, कारण ती आपली. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकेत दिले गेलेले पेटंट १९९७ साली रद्द करवून घेतले, त्या लढ्याचे नेतृत्व डॉ. रघुनाथ माशेलकरांचे होते. पण पेटंट रद्द झाले ते 'हे आम्हाला आधीपासून माहीत होते' म्हणून. हळद प्रत्येक व्याधीवर चालते असे काही त्याने सिद्ध झाले नाही. हळदीतले कर्क्युमिन आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले, की सोबत मिरीतले पिपेरिन दिले तर माणसाच्या रक्तात ते वीसपट उतरते. हे वाचून कॅप्सूलवाल्यांनी मिरी घातली आणि मग एक दुसरीच गोष्ट पुढे आली. इटली आणि अमेरिकेतून अशा कॅप्सूल घेणाऱ्यांच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी आल्या. आमटीतली चिमूटभर हळद निराळी आणि कॅप्सूलमधला घट्ट अर्क निराळा. पासबुकातली शिल्लक आणि पाच लाखांचे कर्ज, दोन्ही पैसेच. पण दोन्हींची जोखीम एक नाही.

परदेशी बाटल्यांत सर्वांत बोलका इतिहास आहे बटरबर या युरोपीय वनस्पतीचा. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक प्रयोग छापून आला. परागाच्या वावड्याच्या १२५ रुग्णांना दोन आठवडे, काहींना बटरबरचा अर्क आणि काहींना नेहमीची सेटिरिझिनची गोळी दिली. दोन्हींचा गुण जवळपास सारखा! म्हणजे वनस्पतीला गुण असू शकतो, हे मान्य करायला हवे. पण याच वनस्पतीत यकृताला घातक अशी अल्कलॉइड असतात, ती काढून टाकावी लागतात आणि प्रत्येक कंपनी ती नीट काढतेच असे नाही. यकृत बिघडल्याच्या तक्रारी आल्या आणि २०१२ साली ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी ती बाजारातून काढायला लावली. शिवाय बटरबर, कॅमोमाइल, एकिनेशिया ही सारी गाजर गवताच्याच कुळातली, शेवंती-झेंडूची भावंडे. ज्याला गाजर गवताचे वावडे आहे त्याने कॅमोमाइलचा चहा 'नैसर्गिक आहे' म्हणून घ्यावा आणि घसा सुजवून घ्यावा, असे होऊ शकते.

प्रोबायोटिकचे, म्हणजे दह्याच्या विरजणातल्यासारख्या उपकारक जंतूंचे चित्र अर्धे उजळ आहे. २०१५ साली २३ प्रयोग आणि १९१९ रुग्णांचा एकत्रित आढावा निघाला. त्यांतल्या १७ प्रयोगांत काही ना काही फायदा दिसला. पण प्रत्येक प्रयोगात जंतूची जात निराळी, मात्रा निराळी. कुठली जात, किती दिवस, याचे उत्तर पाकिटावर नाही. घरचे ताक प्यायला कुणाची ना नाही.

आता गुळवेल. इथे माझे मन थोडे जड होते.

गुळवेलीच्या बाजूने पुरावा अजिबात नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २००५ साली आपल्या देशातल्या डॉक्टरांनी नाकाच्या अ‍ॅलर्जीच्या ७५ रुग्णांवर आठ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात गुळवेलीचा अर्क घेणाऱ्यांना, खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा शिंका आणि नाक गळणे यांत बराच आराम पडला. पण एवढ्या भांडवलावर तिची गादी वाढत गेली आणि २०२० साली करोनाच्या भीतीने ती घरोघर पोचली. कडुनिंबावर चढलेली वेल लोक तोडून नेऊ लागले, रोज सकाळी ग्लासभर काढा. मग मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली सहा रुग्णांची हकीकत छापली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात कावीळ झालेली ही माणसे गुळवेल घेत होती. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. ती वेल गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे नीट पाहिलेले नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढे २०२२ साली देशातल्या १३ रुग्णालयांतून अशाच ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. ज्यांच्या शरीरात आधीच स्वतःच्या पेशींवर चाल करून जाण्याची प्रवृत्ती दडलेली असते, त्यांच्यात ती वेल हे भूत उठवत असावी, असा तर्क आहे.

वाद तज्ज्ञांनी मिटवावा. मला आठवतात ते माझे थोरले मेव्हणे. ऑक्टोबरच्या शिंकांसाठी म्हणून त्यांनी काढा सुरू केला, शिंका गेल्या तरी चालू ठेवला. पाचव्या महिन्यात डोळे पिवळे झाले. रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले, "काका, कुठली औषधं चालू आहेत?" ते म्हणाले, "रक्तदाबाची एक गोळी, बाकी काही नाही." दोन दिवस सगळ्या तपासण्या झाल्या, कारण सापडेना. तिसऱ्या दिवशी वहिनी डबा घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, "यांचा काढा आणू का? तीन दिवस चुकलाय." डॉक्टर उठून उभेच राहिले. काढा बंद झाला, पाच-सहा आठवड्यांनी कावीळ उतरली. मेव्हण्यांनी काही लपवले नव्हते. काढा हे औषध आहे, हेच त्यांच्या मनात नव्हते.

माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. गोळी हे औषध आणि काढा, चूर्ण, कॅप्सूल म्हणजे 'सहज घेतलेले काहीतरी', अशी आपण फाळणी केली आहे. यकृताला ती फाळणी ठाऊक नसते. घशासाठी म्हणून काढ्यात मूठभर जेष्ठमध रोज घालणाऱ्यांचा रक्तदाब चढतो. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला हळदीचा अर्क नडू शकतो. मधुमेहाच्या गोळीबरोबर गुळवेल घेतली तर साखर जास्त उतरू शकते. आणि ज्या वयात शिंका कमी व्हाव्यात असे वाटते, त्याच वयात या तिन्ही गोळ्या आपल्या डब्यात असतात.

कायदा काय म्हणतो? आपल्या देशात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली या पदार्थांसाठी नियम केले. ते अन्न या सदरात येतात. 'औषधी उपयोगासाठी नाही' असे वेष्टनावर छापावे लागते. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने हे पदार्थ विकण्याआधी गुण सिद्ध करून सरकारची मंजुरी घ्यावी लागत नाही. तिथल्या बाटलीवरही 'हे कुठलाही रोग बरा करण्यासाठी नाही' असे लिहिलेले असते. मुलाने पाठवलेल्या बाटलीवर ते वाक्य मी भिंग लावून वाचले. कर्जाच्या कागदावरच्या बारीक अटी लोक वाचत नाहीत, म्हणून मी आयुष्यभर लोकांशी भांडलो. इथेही तेच.

मग या बाटल्यांनी 'गुण येतो' असे इतके लोक का सांगतात? ते खोटे बोलत नाहीत. मी चार वर्षे एका वहीत शिंकांची नोंद ठेवली. पहिल्या वर्षी क जीवनसत्त्व घेतले. शिंका २३ सप्टेंबरला सुरू झाल्या, १४ नोव्हेंबरला थांबल्या. दुसऱ्या वर्षी क्वेर्सेटिन. २९ सप्टेंबर ते १७ नोव्हेंबर. तिसऱ्या वर्षी ठरवून काहीही घेतले नाही. २६ सप्टेंबर ते १५ नोव्हेंबर. एका माणसाची वही म्हणजे शास्त्र नव्हे, पण तिने मला एक गोष्ट नीट दाखवली. माणूस बाटली विकत घेतो ती त्रास ऐन भरात असताना, आणि गवताचा बहर ओसरतो तो आपल्या वेळेला. मुदत ठेव ठरल्या तारखेला पिकते, त्यात मॅनेजरचे कर्तृत्व काही नसते. पण पावती त्याच्या हातून मिळते म्हणून ग्राहक पेढे त्याला देतो.

चौथ्या वर्षी डॉक्टरांच्या सल्ल्याने १५ सप्टेंबरपासूनच नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा सुरू केला. स्टेरॉइड म्हटले की आपल्या घरांत भांड्याला भांडे लागते. पण नाकातल्या फवाऱ्यातली मात्रा फार थोडी आणि ती काम करते तिथल्या तिथे. आज या आजारात डॉक्टर त्यालाच पहिले स्थान देतात. गंमत अशी, की तो लगेच गुण देत नाही, चांगले काही दिवस घ्यावे लागतात. म्हणून हंगामाच्या आधी सुरू करायचा आणि नळीचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला धरायचे. त्या वर्षीच्या वहीत शिंका आहेत, पण माळा नाहीत. सेटिरिझिनसारखी गोळी जोडीला चालते. जुन्या काळची क्लोरफेनिरामाइनची गोळी मात्र झोप आणते. आमच्या वयाला तोल जाणे आणि लघवी तुंबणे हेही. नाक झटक्यात मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांपुरतेच. त्याहून जास्त घेतले की नाक त्यांच्याशिवाय उघडायलाच तयार होत नाही.

आपल्या परंपरेतलेही काही इथे खणखणीत उतरते. मिठाच्या पाण्याने नाक धुणे, आपली जलनेती, त्रास कमी करते, असे तपासण्या सांगतात. अट एकच. पाणी उकळून गार केलेले हवे. २०११ साली अमेरिकेत लुइझियाना राज्यात नळाचे पाणी थेट वापरून नेती करणाऱ्या दोघांचा, त्यातल्या अमिबाने मेंदूला सूज येऊन मृत्यू झाला. वाग्भटाने दोन ऋतूंच्या सांध्यावरचे सात-सात दिवस वेगळे काढून, त्यांत आहारविहार हळूहळू बदलावा असे सांगितले, तेही शहाणपणाचे आहे. वनस्पतींतून खरी औषधे निघालीच आहेत. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून खोकल्याचे ब्रोमहेक्सिन बेतले गेले. पूर्वेकडच्या खेल्ला या झुडपातल्या द्रव्यावरून रॉजर अल्टूनियन या दमेकरी डॉक्टरने, वर्षानुवर्षे स्वतःवर प्रयोग करत, १९६० च्या दशकात क्रोमोग्लायकेट हे औषध आणले. वनस्पतीचा गुण, नेमकी मात्रा आणि तपासणी, तिन्ही एकत्र आली तेव्हा औषध झाले.

राहिली माझी नात. तिच्या शिंका ऑक्टोबरात सुरू होतात आणि रात्री त्यांचा खोकला होतो, छातीत सूं सूं वाजते. नाक आणि छाती हा एकच रस्ता. नाकाचे वावडे असलेल्या बऱ्याच मुलांना दमाही असतो. डॉक्टरांनी तिला पंप दिला आहे. गेल्या दिवाळीत घरी आलेल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी सुनेला सांगितले, "अगं, पंपाची सवय लागते. आमच्याकडचं चाटण दे, महिन्यात पंप सुटतो." सगळे गप्प. सुनेने हात जोडले आणि म्हणाली, "आत्या, चाटण गोड आहे, खाईल ती. पण त्यात काय आहे ते आधी डॉक्टरांना दाखवीन. आणि पंप मी बंद करणार नाही." माझ्याकडे पाहून तिने विचारले, "बाबा, बरोबर ना?" मी म्हटले, "शंभर टक्के." दम्याचा पंप सोडून कशाच्याही भरवशावर बसणे, हा यातला खरा धोका. शिंकांनी कुणी मरत नाही. दम्याच्या झटक्याने मूल जाऊ शकते.

म्हणून वाचकहो, तुमच्या कपाटातल्या बाटल्या लगेच फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. त्यांतल्या पुष्कळ आपल्यावर माया करणाऱ्यांनी आणलेल्या असतात. आल्याचा चहा करून देणारा हात, कपाळावर बाम चोळणारी बोटे, यांचा गुण कुठल्याच प्रयोगात मोजलेला नाही आणि तो मोजायचीही गरज नाही. फक्त एवढे करा. एका कागदावर घरातला प्रत्येक जण काय काय घेतो ते लिहा. गोळ्या, काढे, चूर्णे, परदेशातून आलेल्या बाटल्या, सारे. समोर किती आणि केव्हापासून. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे किंवा वैद्यांकडे जाताना तो कागद खिशात असू द्या. आमच्या घरी तो फ्रिजवर चिकटवलेला आहे. शेवटची ओळ नातीने तिच्या अक्षरात लिहिली आहे, 'मध, एक चमचा, पोळीबरोबर, आवडतो म्हणून.'